सॅन फ्रान्सिस्को ते लिमा: एफ४० इंजिनांच्या दुसऱ्या आयुष्याचा माग

प्रकरणाची रूपरेषा

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलट्रेन या उपनगरी रेल्वेच्या संचालक मंडळाने आपल्या ताफ्यातील १९ डिझेल इंजिने आणि ९० दुमजली डबे पेरूची राजधानी लिमा येथील महापालिकेला ६३ लाख २० हजार डॉलरना विकण्यास मंजुरी दिली. त्याआधी, २१ सप्टेंबर २०२४ रोजी, सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या मार्गावर विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पूर्ण सेवा सुरू झाली होती आणि जवळपास चार दशके हा मार्ग सांभाळणाऱ्या डिझेल इंजिनांना तिथे काम उरले नव्हते. जुलै २०२५ मध्ये हा ताफा समुद्रमार्गे पेरूच्या कायाओ बंदरात उतरू लागला. लिमा शहर आणि पूर्वेकडील चोसिका यांना जोडणाऱ्या रुळांवर प्रवासी गाडी सुरू करावी, हा महापालिकेचा हेतू होता.

जुन्या प्रवासी डिझेल इंजिनांचा माग घेणाऱ्या कोणालाही हे प्रकरण अभ्यासण्यासारखे वाटेल, कारण एरवी अनेक वर्षांत आणि अनेक मालकांमध्ये विखुरलेले प्रश्न इथे एका व्यवहारात एकत्र आले आहेत. इंजिन का विकले गेले, भंगारात का गेले नाही, ज्या रुळांवर ते गेले ते रूळ त्याला झेपणारे आहेत का, आणि 'विकले', 'पोहोचले' व 'धावू लागले' या तीन वेगळ्या घटनांची नोंद वेगवेगळी कशी ठेवावी, हे सगळे इथे तपासता येते. इंजिनाचे पुढचे आयुष्य त्याच्या यंत्रात किती दम उरला आहे यावर जितके ठरते, त्याहून कितीतरी अधिक ते त्याला स्वीकारणाऱ्या मार्गावर ठरते, असे माझे मत आहे आणि या प्रकरणाचा प्रत्येक टप्पा त्याला दुजोरा देतो.

इंजिनाचे मूळ

विकली गेलेली इंजिने एफ४०पीएच या घराण्यातली आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय प्रवासी रेल्वे म्हणून १९७१ साली सुरू झालेल्या अ‍ॅमट्रॅकला वारशाने मिळालेली इंजिने थकलेली होती. म्हणून १९७३-७४ मध्ये तिने जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह डिव्हिजनकडून, म्हणजे ईएमडीकडून, एसडीपी४०एफ जातीची सहा आसांची १५० इंजिने घेतली. ती वारंवार रुळांवरून घसरू लागली, अनेक रेल्वे कंपन्यांनी आपल्या रुळांवर त्यांच्या वेगाला मर्यादा घातल्या आणि काहींना ती नकोशीच झाली. त्याच काळात, १९७६ पासून, मूळ कमी पल्ल्याच्या गाड्यांसाठी मागवलेली चार आसांची एफ४०पीएच इंजिने सेवेत आली. त्यांचे काम समाधानकारक दिसल्यावर अ‍ॅमट्रॅकने एसडीपी४०एफ इंजिने टप्प्याटप्प्याने कारखान्याला परत देऊन त्यांच्या बदल्यात नवी एफ४०पीएच घ्यायला सुरुवात केली. जुन्या इंजिनांतले वापरण्याजोगे भाग नव्या सांगाड्यांत बसवले गेले. म्हणजे या घराण्यातल्या अनेक इंजिनांच्या पोटात पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्या इंजिनाचे अवयव होते. माग घेताना ही गोष्ट विसरली, की पुढची सगळी वंशावळ चुकते.

यंत्रदृष्ट्या एफ४०पीएच हे मालगाडीच्या जीपी४०-२ या इंजिनाचे प्रवासी रूप म्हणता येईल. आत १६ सिलिंडरचे, टर्बोचार्जर असलेले, दोन स्ट्रोकचे ६४५ जातीचे डिझेल इंजिन असून त्याची शक्ती ३,००० अश्वशक्ती आहे. 'सहाशे पंचेचाळीस' हा आकडा एका सिलिंडरचे आकारमान घन इंचांत सांगतो. पूर्ण इंजिनाचे वजन सुमारे ११८ टन आणि लांबी १७ मीटरच्या आसपास असते. वरून रुंद पत्र्याचे आवरण दिसते, पण भार वाहतो तो खालचा सांगाडा. त्यामुळे पत्रा बदलला, नाक बदलले, रंग बदलला, तरी सांगाडा तोच राहतो आणि ओळखही त्याच्यापाशीच राहते.

दुसरे महत्त्वाचे वैशिष्ट्य डब्यांना लागणाऱ्या विजेचे. दिवे, वातानुकूलन आणि तापवणी यांसाठी ४८० व्होल्टची तीन फेजची वीज इंजिनच पुरवते. मूळ रचनेत ही वीज तयार करणारे जनित्र मुख्य डिझेल इंजिनावरच चालत असे आणि विजेची वारंवारता ६० हर्ट्झवर स्थिर ठेवायची तर मुख्य इंजिन मिनिटाला ८९३ फेऱ्यांवर अखंड फिरत ठेवावे लागे, मग गाडी वेगात असो वा फलाटावर उभी असो. स्थानकात उभ्या असलेल्या एफ४०चा तो ताणलेला, न थांबणारा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्यामागे किती इंधन जळत असेल याची कल्पना येईल. शिवाय डब्यांना दिलेली वीज गाडी ओढण्याच्या शक्तीतून वजा होते. म्हणूनच पुढे अनेक मालकांनी या कामासाठी इंजिनाच्या मागच्या भागात स्वतंत्र डिझेल जनित्र बसवून घेतले. कॅलट्रेनच्या इंजिनांतही नूतनीकरणाच्या वेळी कॅटरपिलरचे असे जनित्र आले. छायाचित्रांवरून इंजिन ओळखणाऱ्याने आधी मागच्या टोकाच्या छपराकडे पाहावे, कारण स्वतंत्र जनित्राची धुराडी आणि थंडाव्याच्या जाळ्या तिथे दिसतात. त्या दिसल्या, की इंजिन एका मोठ्या दुरुस्तीतून गेले आहे एवढे नक्की होते आणि शोध त्या दुरुस्तीच्या कागदांकडे वळवता येतो.

कॅलट्रेनकडची चार दशके

सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हा मार्ग पूर्वी सदर्न पॅसिफिक कंपनीचा. तोट्यात चाललेल्या या उपनगरी सेवेचा भार १९८० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या वाहतूक खात्याने उचलला आणि १९८५ मध्ये खात्याने एफ४०पीएच-२ ही नवी इंजिने व जपानच्या निप्पॉन शार्यो कंपनीचे दुमजली डबे आणले. इंजिनांना ९०० पासून क्रमांक मिळाले आणि मार्गावरल्या गावांची नावे त्यांच्या अंगावर रंगवली गेली. डब्यांचा वरचा मजला मधोमध मोकळा असल्याने तिकीट तपासनीस खालून चालत जातानाच वरच्या प्रवाशांचीही तिकिटे पाहू शके. हे डबे पायऱ्यांचे होते आणि जमिनीच्या जवळ असलेल्या बुटक्या फलाटांसाठी बांधलेले होते. या तपशिलाला लिमामध्ये वेगळेच महत्त्व येते.

१९९२ पासून सेवा तीन काउंट्यांच्या संयुक्त मंडळाकडे आली, १९९८ मध्ये आणखी तीन एफ४० आणि पुढे २००३ मध्ये एमपी३६ जातीची सहा इंजिने दाखल झाली. मूळ इंजिने मात्र कामावरच राहिली. एका सपाट, सुमारे ७५ किलोमीटरच्या मार्गावर, जवळजवळ सारख्याच वजनाच्या गाड्या घेऊन, एकाच आगाराच्या देखभालीखाली ती धावली. जुन्या इंजिनाचा ग्राहक ज्या गोष्टी शोधत असतो त्यांतली सर्वांत मोलाची हीच असते. अनेक मालकांच्या हातून फिरलेल्या इंजिनाची दुरुस्तीची नोंद तुटक असते, तर इथे जन्मापासून निवृत्तीपर्यंतची नोंद एका घरात आहे.

ईएमडीच्या या यंत्रांचे दुसरे मोठे भांडवल म्हणजे सुटे भाग. ६४५ जातीची इंजिने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मालगाड्यांत, प्रवासी गाड्यांत, जहाजांत आणि वीजकेंद्रांत इतक्या प्रमाणात बसली, की भाग आजही मिळतात. प्रत्येक सिलिंडर स्वतंत्रपणे उचलता येतो. छपराची झाकणे काढली, झडपांचे आवरण उघडले, पाण्याच्या आणि तेलाच्या जोडण्या सोडवल्या, की सिलिंडरचे डोके, आतली नळी, पिस्टन आणि जोडदांडा हा सगळा संच क्रेनने एकत्र वर येतो आणि त्याच जागी तयार संच उतरवता येतो. उरलेल्या १५ सिलिंडरना हातही लावावा लागत नाही. अशी रचना असलेले यंत्र वयाने म्हातारे झाले म्हणून निकामी ठरत नाही. माझ्या मते एफ४०चे आयुष्य इतके लांबण्यामागे तिच्या वेगापेक्षा किंवा शक्तीपेक्षा या सिलिंडर-संचाचा वाटा जास्त आहे.

विक्रीमागचे गणित

ताफा विकायचा की मोडायचा, हा निर्णय केवळ पैशांचा नव्हता. एकूण १०९ वाहनांना ६३ लाख २० हजार डॉलर म्हणजे सरासरीने एका वाहनाला ५८ हजार डॉलर पडतात. तुलनेसाठी, २०१४ मध्ये इलिनॉय राज्याच्या पुढाकाराने सीमेन्सकडे दिलेली ३२ नव्या प्रवासी डिझेल इंजिनांची मागणी सुमारे साडेबावीस कोटी डॉलरची होती, म्हणजे एका इंजिनाला ७० लाखांच्या आसपास. लिमाने मोजलेल्या सगळ्या रकमेत त्या भावाने एक नवे इंजिनही येत नाही. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर भंगाराचा भाव, जागा अडवून उभ्या राहिलेल्या गाड्यांचा खर्च आणि त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी, या तिन्हींतून एकदम सुटका होते.

खरी अडचण हवेची होती. कॅलिफोर्नियात जुने डिझेल यंत्र बदलण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनुदानांत जुने यंत्र पुन्हा कुठेही चालणार नाही अशी खातरजमा मागण्याची रूढ पद्धत आहे आणि त्यासाठी यंत्राच्या ब्लॉकला भोक पाडून ते कायमचे निकामी केले जाते. हेतू रास्त आहे, कारण धूर शेजारच्या गावात हलवणे म्हणजे तो कमी करणे नव्हे. कॅलट्रेनची इंजिने देशाबाहेर पुन्हा चालवण्यासाठी पाठवायची, तर हवेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांची संमती आवश्यक होती. ती मिळवताना मांडलेला मुद्दा असा, की लिमामध्ये एका गाडीमागे रस्त्यावरची जितकी वाहने कमी होतील त्यांचा धूर इंजिनाच्या धुरापेक्षा अधिक असेल. हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तो गाड्या नियमित धावल्या तरच खरा ठरतो. उभे इंजिन कोणालाही बस किंवा मोटार सोडायला लावत नाही. म्हणून या व्यवहाराचे पर्यावरणीय मूल्यमापन कायाओ बंदरातल्या आगमनावर थांबवणे चुकीचे होईल.

आणखी एक गोष्ट नोंदीच्या शिस्तीची आहे. पेरूमध्ये या ताफ्याचा उल्लेख अनेकदा देणगी असा झाला, तर कॅलट्रेनच्या बाजूने तो विक्रीचा व्यवहार होता. माग घेणाऱ्याने विकणाऱ्या मंडळाचा ठराव हा आधार धरावा. बातमीतला शब्द तसाच उचलला, की तोच पुढे दहा याद्यांत उतरतो आणि काही वर्षांनी मूळ कागद कोणी पाहतही नाही.

मार्ग: लिमा ते चोसिका

पेरूची मध्य रेल्वे १८७० मध्ये बांधायला घेतली गेली. हेन्री मेग्ज हा कंत्राटदार आणि एर्नेस्ट मालिनोव्स्की हा अभियंता. कायाओ बंदरापासून रिमाक नदीच्या खोऱ्यातून चढत हा मार्ग अँडीज पर्वत ओलांडतो आणि गालेरा येथे ४,७८१ मीटर उंची गाठतो. दक्षिण अमेरिकेत रुळांतली अंतरे अनेक प्रकारची असताना हा मार्ग १,४३५ मिलिमीटरचा, म्हणजे अमेरिकेतल्याच अंतराचा आहे. या एका आकड्याने व्यवहार शक्य केला. अंतर वेगळे असते, तर प्रत्येक इंजिनाच्या आणि प्रत्येक डब्याच्या चाकांच्या चौकटी बदलाव्या लागल्या असत्या आणि स्वस्तात मिळालेला ताफा स्वस्त राहिला नसता.

पण अंतर जुळले म्हणजे मार्ग जुळला असे होत नाही. लिमाच्या मध्यवर्ती देसाम्पारादोस स्थानकापासून चोसिकापर्यंत सुमारे ४० किलोमीटरमध्ये मार्ग साधारण ७०० मीटर वर चढतो. सरासरी काढली तर हा चढ ५७ मीटरला एक मीटर पडतो. खाडीच्या काठाने जाणाऱ्या कॅलट्रेनच्या मार्गावर असे काही नव्हते.

इथे थोडा ढोबळ हिशेब करून पाहू. एक इंजिन आणि प्रवाशांनी भरलेले पाच डबे, प्रत्येकी सुमारे ६० टनांचे, धरले तर गाडी ४२० टनांची होते. या चढावर तिचे वजन मागे खेचते ते सुमारे ७२ किलोन्यूटनने, त्यात चाकांचा आणि हवेचा विरोध मिळवला की साधारण ८२ किलोन्यूटन. ३,००० अश्वशक्तीतून चाकांपर्यंत सुमारे १,८०० किलोवॅट पोहोचतात असे मानले, तर गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास चढू शकते. डब्यांची वीजही मुख्य इंजिनातूनच काढावी लागली असती, तर हाच वेग ६५ च्या जवळ आला असता. मागच्या टोकाला बसवलेल्या स्वतंत्र जनित्राचे मोल इथे कळते. चोसिकाची उंची साडेआठशे मीटरच्या आसपास असल्याने टर्बोचार्जर असलेल्या यंत्राला विरळ हवेचा फारसा त्रास होऊ नये. थोडक्यात, चढण्याची ताकद या इंजिनांत आहे.

उतरण्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे. तीच ४२० टनांची गाडी चोसिकाहून लिमाला येताना ७०० मीटर खाली येते, तेव्हा सुमारे ८०० युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. काही भाग चाकांच्या आणि हवेच्या विरोधात जातो, उरलेला सगळा ब्रेकमधून उष्णतेच्या रूपाने. सपाट मार्गावर थांबे घेत धावलेल्या डब्यांच्या ब्रेकना सलग उतारावर तासभर तापत राहण्याची सवय नसते. त्यामुळे ब्रेकचे गुटके, चाकांचे तपमान, गाडीतील हवेच्या नळाची गळती आणि चालकांचे प्रशिक्षण, या चारही बाबतींत घाटाच्या मार्गाला शोभेल अशी तयारी हवी. माझ्या दृष्टीने या प्रकल्पाची पहिली खरी कसोटी रिकाम्या गाडीच्या उतरत्या चाचण्यांतच होईल.

मार्गाची मालकी आणि वापर हा पुढचा थर. १९९९ पासून हा मार्ग सवलत करारावर, म्हणजे मालकी सरकारकडे ठेवून तो चालवण्याचा हक्क देणाऱ्या करारावर, खाजगी कंपनीकडे आहे आणि त्यावर मुख्यत्वे खाणींतला माल कायाओकडे उतरतो. मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला जागा लागते. खनिजाच्या गाड्यांच्या वेळापत्रकात सकाळ-संध्याकाळच्या प्रवासी गाड्या बसवायच्या, तर ओलांडण्याच्या जागा वाढवणे, सिग्नल यंत्रणा उभी करणे, दाट वस्तीतून जाणारी फाटके सुरक्षित करणे आणि स्थानके बांधणे एवढे काम आधी व्हायला हवे. हे काम कोणी, कोणत्या परवानगीने आणि कोणाच्या पैशाने करायचे, यावरून महापालिका आणि देशाचे वाहतूक मंत्रालय यांच्यात उघड मतभेद झाले. वाहने महापालिकेची, मार्ग सरकारचा, कब्जा सवलतधारक कंपनीचा, अशा तिहेरी रचनेत वाहने आधी आली आणि करार मागे राहिले.

बुटक्या फलाटांसाठी बनलेले पायऱ्यांचे डबे ही मात्र या ताफ्याची जमेची बाजू. उंच फलाटांची मोठी बांधकामे न करताही साधे थांबे उभारून प्रवाशांना चढता-उतरता येईल. चाकांच्या खुर्चीवर असलेल्या प्रवाशांसाठी उद्वाहक किंवा रॅम्पची वेगळी सोय करावी लागेलच, पण सुरुवातीच्या खर्चात हा फरक मोठा पडतो.

भावंडांचे मार्ग

लिमाच्या ताफ्याचे काय होऊ शकते याचा अंदाज घ्यायचा, तर एफ४० घराण्यातल्या इतर इंजिनांकडे पाहावे. अ‍ॅमट्रॅकने १९९३ पासून जनरल इलेक्ट्रिकची जेनेसिस इंजिने आणायला सुरुवात केली आणि २००० च्या सुमारास आपली बहुतेक एफ४० सेवेतून काढली. त्यांतली काही पनामा कालव्याला समांतर धावणाऱ्या रेल्वेकडे गेली. तो मार्ग मूळ १,५२४ मिलिमीटरचा होता, नव्या मालकांनी तो १,४३५ वर आणून २००१ मध्ये पुन्हा सुरू केला आणि जुन्या एफ४० तिथे कंटेनरच्या गाड्याही ओढू लागल्या. या ७७ किलोमीटरच्या मार्गावर रूळ, कार्यशाळा, मालगाडीचे उत्पन्न आणि इंजिने यांची आखणी एकाच मालकाने एकाच वेळी केली होती. लिमाशी सर्वांत जवळची तुलना हीच आहे आणि फरकही इथेच दिसतो.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या उपनगरी सेवेनेही अ‍ॅमट्रॅकच्या जुन्या एफ४० आणि शिकागोचे जुने दुमजली डबे घेऊन अगदी कमी भांडवलात गाडी चालू केली. कॅनडाच्या व्हिया रेल्वेने वेगळा निर्णय घेतला. तिने आपल्या एफ४०पीएच-२ विकल्या नाहीत, मॉन्ट्रियलजवळच्या कारखान्यात त्यांची आतून फेरबांधणी करून स्वतंत्र जनित्रे बसवली आणि त्याच ताफ्यात त्यांचे दुसरे आयुष्य सुरू केले. अ‍ॅमट्रॅकने स्वतः ठेवलेल्या काही इंजिनांतून डिझेल यंत्र काढून टाकले, त्या पोकळीत सामानासाठी जागा केली, बाजूला सरकते शटर लावले आणि चालकाची खोली तशीच ठेवून ती गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडली. अशा वाहनाला इंजिन म्हणून मोजायचे की डबा म्हणून, हे माग घेणाऱ्याने आधीच ठरवून सगळ्या यादीत तसेच पाळावे. माझ्या यादीत यंत्र काढल्याची तारीख ही इंजिनाच्या आयुष्याची अखेर असते आणि सांगाड्याची नोंद त्यापुढेही चालू राहते.

ओळख कशी पटवावी

या सगळ्या स्थलांतरांत अंगावर रंगवलेला क्रमांक हा सर्वांत दुबळा पुरावा ठरतो. टोरंटोच्या गो ट्रान्झिटकडची ५१० ते ५१५ ही सहा एफ४० इंजिने १९९० मध्ये अ‍ॅमट्रॅककडे आली आणि ४१० ते ४१५ झाली. अ‍ॅमट्रॅकच्या एफ४०ना २०० पासून क्रमांक होते, पण जेनेसिस जातीच्या इंजिनांची मालिका २०७ पर्यंत गेल्याने '२०० ते २०७' हे क्रमांक दोन वेगळ्या इंजिनांनी वापरले. आज '३००' च्या पुढचे क्रमांक सीमेन्सच्या नव्या इंजिनांवर दिसतात, म्हणजे '३०५' असे लिहिलेल्या तारीख नसलेल्या छायाचित्रावर विसंबून काहीही ठरवता येत नाही. पनामाने तर आपल्या क्रमांकांची सुरुवात १८५५ या, मूळ रेल्वे सुरू झाल्याच्या सालापासून केली.

म्हणून आधार कारखान्याच्या क्रमांकाचा. ईएमडीचा प्रत्येक सांगाडा एका मागणीखाली आणि त्या मागणीतल्या अनुक्रमाने नोंदलेला असतो आणि तो क्रमांक धातूच्या पाटीवर असतो. पाटी चोरीला जाते, रंगाखाली दबते किंवा दुरुस्तीत दुसऱ्याच इंजिनाला लागते, त्यामुळे तिलाही कागदाची जोड हवी. लिमाच्या बाबतीत सुदैवाने मंडळाचे ठराव, विक्रीचा करार, जहाजाचे कागद आणि आयातीची नोंद अशी चार स्वतंत्र ठिकाणी वाहनांची यादी असणे अपेक्षित आहे. या चारही याद्यांतली एकेक इंजिने एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय '१९ इंजिने लिमात' असे एकगठ्ठा वाक्य लिहून समाधान मानू नये. अशा मोठ्या खरेदीत काही वाहने पहिल्यापासूनच सुट्या भागांसाठी घेतली जातात. ती कधीच धावत नाहीत, मात्र यादीत ती धावणाऱ्यांच्या बरोबरीने मोजली जातात आणि पुढे त्यांचाच माग सर्वांत आधी हरवतो.

पुढील नोंदी

या ताफ्याच्या प्रत्येक इंजिनासाठी पाच रकाने पुरेसे आहेत: कारखान्याचा क्रमांक, कॅलट्रेनचा जुना क्रमांक, बंदरात उतरल्याचा दिवस, स्वतःच्या शक्तीवर पहिल्यांदा हलल्याचा दिवस आणि प्रवाशांना घेऊन पहिल्यांदा धावल्याचा दिवस. शेवटचा रकाना भरण्याआधी सवलत करारातली दुरुस्ती, चोसिकापर्यंतच्या ब्रेक चाचण्यांचे निकाल आणि इंजिनांच्या देखभालीची कार्यशाळा कुठे असेल याचा निर्णय, ही तीन कागदपत्रे बाहेर यायला हवीत. यांतल्या कार्यशाळेच्या निर्णयाकडे माझे सर्वाधिक लक्ष राहील. या मार्गावरच्या मालगाड्या जनरल इलेक्ट्रिकच्या सी३०-७ आणि सी३९-८ इंजिनांवर चालतात, म्हणजे तिथल्या कारागिरांचा हात चार स्ट्रोकच्या यंत्रांवर बसलेला आहे. ईएमडीच्या दोन स्ट्रोकच्या यंत्राला वेगळी हत्यारे, वेगळा भागसाठा आणि वेगळे कसब लागते. हे कसब विकत घेण्याची तरतूद महापालिकेच्या किंवा मार्गचालकाच्या अंदाजपत्रकात दिसली, की कोणती इंजिने रुळावर येणार आणि कोणती भागांसाठी मोडली जाणार, हे इंजिनागणिक लिहिता येऊ लागेल.